खारट वाळू

वीरभद्र मिस्त्री वाळू चाखून बघायचे. खोटं न्हाई सांगत. ट्रॉली रिकामी झाली की ढिगात कोपरापर्यंत हात खुपसायचा, आतली वली वाळू चिमटीत काढायची, जिभंवर ठेवायची, डोळे मिटायचे आन् मंग थुंकायचं. गोडी लागली तर माल कालवायला सांगायचे. माती लागली तर म्हणायचे, धुवून घे. नवीन घरमालक बघून हासायचे, पण मला कधी हासू आलं न्हाई. मी त्यांच्या हाताखाली बिगारी म्हणून लागले तवा माझ्या हाताची हळद निघाली नव्हती, आता मला सुना आल्यात. एवढ्या वरसांत वाळू चाळायचं काम माझं आन् चाखायचं काम त्यांचं.

आधीच सांगून ठेवते. माझं नाव पंचशीला, आम्ही बौद्ध माणसं. भूतखेत, भानामती, अंगात येणं, ह्यातलं मी काय बी मानत न्हाई. सुनेनं दाराला लिंबू-मिरची टांगली तर म्या ती काढून वरणात टाकली. तवा हे ऐकून कुणाला मला येडी म्हणायचं आसंल तर आत्ताच म्हणा आन् उठा. बसलात तर मंग पुरतं ऐका, मधीच घड्याळ बघू नका.

गाव आमचं देवणीच्या खालच्या अंगाला, मांजरेच्या काठी. नाव सांगत न्हाई, सांगून कुणाचं भलं व्हायचं न्हाई. नदीपल्याड थोडं गेलं की कर्नाटक लागतं, म्हणून आमच्याकडं लिंगायतांच्या घरात बापाला अप्पा आन् आईला अव्वा म्हणत्यात. मिस्त्री लिंगायतच. वाळलेलं उंच शरीर, कपाळावर इभूतीचे तीन पट्टे. घामानं पुसले की जेवायच्या आधी परत लावायचे. बोलणं लई कमी. दिवसभर आमचं बोलणं म्हंजी 'माल', 'पाणी', 'सूत धर', एवढंच. नारिंगी रंगाचं नायलॉनचं सूत व्हतं त्यांचं, भिंतीला लाईन धरायचं. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. टोकाला खिळ्याभवती ते एक गाठ मारायचे, दुहेरी, आन् वरून एक पीळ. ती गाठ दुसऱ्या कुण्या गवंड्याला येत नव्हती, आन् त्यांनी कुणाला शिकवली बी न्हाई.

आन् सरकारी नियमाला पक्के. लई पक्के, डोकं उठवतील एवढे. भूकंप झाला तवा ते ऐन जवान व्हते. किल्लारीकडं दगडामातीच्या रुंद भिंती झोपल्या माणसांवर पडल्या, आन् मंग सरकारनं नवी गावं वसवायला घेतली. तिथं मिस्त्री कामाला गेले आन् खरं काम तिथंच शिकले. भिंतीत काँक्रीटचा पट्टा कुठं घालायचा, कोपऱ्यात सळई कशी वळवायची, खिडकी कोपऱ्याला चिटकवायची न्हाई. पुढं आमच्या गावात कुणी मालक म्हणायचा, मिस्त्री, तेवढी सळई वाचवा, कोण बघायला येतंय. तर हे हत्यारं पिशवीत भरून सरळ घरी. माझी बी मजुरी जायची. मी रस्त्यानं बडबडत यायची, आन् ते एकदाच म्हणाले व्हते, "हे नियम सायबानं न्हाई लिवले, पंचशीला. मेलेल्या माणसांनी लिवलेत."

त्यांची बायको नीलम्मा. नवरा जेवढा मुका तेवढी ही बोलकी. ओट्यावर पाठ भिंतीला टेकवून मांडी घालून बसायची, मांडीत सूप, आन् येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकल्याबिगर सोडायची न्हाई. मला म्हणायची, माझ्या दादल्याचं सूत तुझ्या हातात आन् त्याचं डोकं माझ्या हातात, आपण दोघी मिळून त्याला सरळ ठेवू. अशी हासायची की सुपातले दाणे उडायचे. पण एक सल व्हता तिला. साऱ्या गावाला मिस्त्रींनी पक्की घरं बांधून दिली आन् तिची एकुलती एक लेक मंजुश्री पत्र्याच्या खोपीत. जावई अमरेश लातूरला मार्केटात टेम्पो चालवतो, आठवड्याला येतो, त्याची कमाई पोटापुरती. नीलम्माच्या पोटात गाठ निघाली, लातूरला नेलं, पण उशीर झाला व्हता. शेवटी शेवटी तिचं दुसरं बोलणंच नव्हतं. मंजूला घर बांधा, मी तिच्या ओट्यावर बसणार हाय. मरणाऱ्या बाईनं आसं म्हणलं की माणूस हाव म्हणतो. मिस्त्री बी हाव म्हणाले.

लिंगायत माणसाला जाळत न्हाईत, पुरतात, ते बी बसवून. खड्ड्यात मांडी घालून बसवायचं, गळ्यातलं लिंग हातात द्यायचं, बेलपत्र, इभूत, आन् भवती मीठ, पोत्यानं मीठ. नदीकाठच्या वाळवंटात त्यांची रुद्रभूमी हाय, तिथं नीलम्माला बसवलं. त्या टायमाला तिच्या गळ्यातल्या चांदीच्या करडगीचा दोरा तुटला. करडगी म्हंजी लिंग ठेवायची डबी, जन्मभर गळ्यात आसती. दुसरा दोरा कुणाजवळ न्हाई. मिस्त्रींनी पिशवीतनं आपलं नारिंगी सूत काढलं, हातभर तोडलं, करडगीला बांधलं आन् आपली ती गाठ मारली. मी बायांत उभी व्हते, म्या डोळ्यानं बघितलं. एवढ्या वरसांत त्या सुताचं दुसरं टोक धरणारी मीच, म्हणून आसंल, माझा हात तवा आपोआप पुढं झाला व्हता.

मंग त्यांनी तिच्यावर चौथरा बांधायचा ठरवला. पंचायतीत इचारायला गेले. इचारायला कामून जावं, सांगा बरं. बाकीच्यांनी गुपचूप बांधलेच व्हते की. पण हा माणूस इचारायला गेला, आन् तिथं सांगितलं की ती जागा पूररेषेच्या आत येती, पक्कं बांधकाम करता येत न्हाई. मिस्त्री बरं म्हणून परत आले. म्या तोंडाला येईल ते बोलले त्यांना. ते म्हणाले, नियम हाय. निसता एक धोंडा ठेवला खुणंला. पुढच्या वरसी नदीला लोंढा आला, काठ सारा सपाट केला, धोंडा बी गेला. पाणी वसरल्यावर मिस्त्री दिवसभर त्या वाळूत फिरले. परत आले ते माझ्या दारात येऊन उभे राहिले आन् म्हणाले, नीलम्मा कुठं बसलीय ते मला सांगता येईना गं. त्या दिशी मला त्यांच्यावर राग धरता आला न्हाई.

त्यानंतर मंजूचं घरकुल मंजूर झालं. सरकारी योजनेतलं, तिच्या नावावर. मिस्त्रींनी आन् म्या मिळून उभं केलं. पट्टे, सळया, खिडक्या, सगळं नियमानं. स्लॅब पडला, आतला गिलावा झाला. दर्शनी भिंतीचा गिलावा तेवढा राहिला आन् वाळू बंद झाली.

आता ह्याच्यावर बोलायला लागले तर माझं डोकं तापतं, पण बोलते. नदी ओरबाडली मोठ्यांनी. मशिनी लावून, हायवा ट्रक भरून. ते बंद करायलाच पाहिजे व्हतं, म्या कुठं न्हाई म्हणते. पण बंद केलं ते कुणाचं? घाटांचा लिलाव झाला न्हाई, घाट बंद. घरकुलवाल्याला वाळू फुकट म्हणून पास आला मंजूच्या मोबाईलवर, आन् वाळू कुठनं उचलायची तर घाटच न्हाई. पास दाखवून काय भिंत सारवायची? देवणीच्या नाक्यावर गवंडी आन् बिगारी सकाळपासनं बसून राहायचे, ऊन चढलं की डबा तसाच घेऊन घरी. दगड दळून केलेली वाळू एकदा आली, ती निसती भुकटी, मिस्त्रींनी हातात चोळून परत पाठवली.

घरकुलाची कामं बघायला एक मॅडम यायच्या, तनुजा मॅडम, मुदखेडची पोरगी, स्वभावानं गरीब. त्यांनी सांगितलं की गिलावा झालेल्या घरासमोर मंजूला उभं करून फोटो काढायचा आन् तो महिनाअखेरीच्या आत चढवायचा. न्हाई चढला तर घरकुल रद्द, नाव यादीतनं बाहेर. त्यांच्या हातात काय नव्हतं, डोळ्यांत पाणी आणून सांगत व्हत्या. आन् मंजूला सातवा महिना लागलेला. वैशाखातलं ऊन, पत्र्याखाली भट्टी. आई गेल्यापासनं त्या पोरीला धड झोप नव्हती, आता तर डोळ्याखाली काळी वर्तुळं पडली व्हती. दवाखान्यातली बाई म्हणाली, हिला झोप मिळाली न्हाई तर लेकराला धोका हाय.

तवा मिस्त्री वाकले. जन्मात पयल्यांदा. गावात श्रीमंत नावाचा एक पोरगा हाय, नाव श्रीमंत आन् ट्रॅक्टर हप्त्यावरचा. तो झुंजूमुंजू व्हायच्या टायमाला चोरून वाळू आणून टाकायचा. मिस्त्रींनी त्याला एक ट्रॉली सांगितली. सकाळी मी गेले तर ढीग पडलेला, आन् मिस्त्री त्याच्यासमोर उकिडवे बसलेले. वाळू लई बारीक आन् स्वच्छ व्हती. त्यांनी हात खुपसला, चिमूट जिभंवर ठेवली, डोळे मिटले. थुंकले. परत घेतली, परत थुंकले.

"खारट हाय," म्हणाले.

मांजरेची वाळू खारट? म्या आजवर ऐकलं नव्हतं. मीठ आसलेली वाळू गिलाव्याला वंगाळ, भिंतीला लोणा लागतो, पांढरं पीठ फुटतं. दुसऱ्या कुणाचं घर आसतं तर त्यांनी ट्रॉली माघारी धाडली आसती. पण त्यांनी पत्र्याच्या खोपीकडं बघितलं, मंजू दारात गुडघ्यावर डोकं टेकवून बसली व्हती. मंग म्हणाले, धुवून घे. आम्ही ड्रमात पाणी घालून ती वाळू धुतली, दोनदा धुतली. पाणी उतरून अंगणातनं वाहत गेलं आन् ओट्याखाली जाऊन मुरलं. मिस्त्रींनी परत चाखली. थोडी हायच, म्हणाले, आन् थापी उचलली.

भिंत झाली. काम म्हणाल तर आरशासारखं. पूर्वंची भिंत, सकाळचं सारं ऊन तिच्यावर. दुसऱ्या दिशी भिंत पांढुरकी वाळत आली, पण दाराच्या उजव्या अंगाला, ओट्याच्या वर, एक जागा वाळंना. तिसऱ्या दिशी बी काळीच. म्या म्हणलं, इटा जास्त भिजल्या आसतील. चौथ्या दिशी त्या वलीला आकार आला. खाली रुंद, वर निमुळती, त्याच्या वर गोल. म्या मान तिरकी करून बघितलं, लांबनं बघितलं, जवळनं बघितलं. कुणीतरी मांडी घालून बसल्यासारखं दिसून राहिलं, पाठ भिंतीला टेकवून, तोंड रस्त्याकडं करून.

म्या कुणाला बोलले न्हाई. वल ती वल. पण हात लावला तर एवढ्या उन्हात तिथं गारवा. नुसता गारवा न्हाई, ताप उतरलेल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवावा तसा. मी हात लुगड्याला पुसला आन् कामाला लागले.

मंग वरच्या गोलावर पांढरं फुटलं. लोणाच तो, मिठाचा, मिस्त्री म्हणालेच व्हते. पण फुटावा तर सगळीकडं फुटावा ना. तो फुटला तेवढ्याच गोलावर, आडव्या पट्ट्यांत. मिस्त्रींनी तारेच्या ब्रशनं खरडला, पाण्यानं धुतला. दुपारपर्यंत परत तिथंच. त्यांनी परत खरडला. तिसऱ्यांदा ब्रश हातात घेऊन नुसतेच उभे राहिले, आन् मंग आपल्या कपाळाला बोट लावून बघितलं.

आन् कमलम्मा. आमच्या गल्लीतली म्हातारी, मोतीबिंदूनं डोळे गेलेले, कोण मेलं कोण जितं हे बी तिला आठवत न्हाई. रोज सकाळी काठी टेकत महादेवाला जाती. त्या सकाळी घरासमोर थांबली. मी चाळण लावत व्हते, मिस्त्री माझ्या शेजारी. म्हातारी भिंतीकडं तोंड करून बोलली, "नीलम्मा, उन्हात कामून बसलीस गं? आत जा की." आन् काठी टेकत निघून गेली.

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं न्हाई. म्हातारीला दिसत न्हाई, आठवत न्हाई, जुनी सवय. म्या मनाला तेच सांगितलं. पण सकाळच्या उन्हात माझ्या दंडावर काटा आला व्हता, तो बराच वेळ गेला न्हाई.

मंजूचं मात्र भलतंच झालं. दुपारी भिंतीची सावली ओट्यावर यायची, तवा ती खोपीतनं उठून ओट्यावर येऊन आडवी व्हायची. बरोबर त्या वलीच्या खाली, डोकं भिंतीच्या बुडाला लावून. आन् झोपायची. जी पोरगी रातभर कूस बदलत व्हती ती दुपारभर ढाराढूर. तोंडावर तेज आलं. म्या इचारलं तर म्हणाली, इथं गार लागतं, मावशी.

पायऱ्यांचा गिलावा राहिला व्हता, त्याच्यासाठी थोडी वाळू ठेवलेली. ती मी चाळायला घेतली. चाळणीत आधी हिरव्या बांगडीचे तुकडे आले. नदीची वाळू म्हणल्यावर बांगडी निघतीच, बाया धुणं धुतात. म्या ते बाजूला टाकले. मंग चाळण हालवली आन् वर काहीतरी लांब सरपटत आलं. नारिंगी. मातीनं मळलेलं, पण नारिंगी. त्याच्या टोकाला काळी पडलेली चांदीची डबी, आन् डबीच्या कडीला गाठ. दुहेरी, वरून एक पीळ.

माझ्या हातातनं चाळण सुटली. मला तिथंच सगळं कळलं. खारटपणा कशाचा, मीठ कुठलं, वल कुणाची. दुसऱ्याच्या गळ्यातल्या लिंगाला परक्यानं हात लावू नये म्हणत्यात, त्यात मी ही अशी, म्हणून मी घमेल्यात तशीच वाळूसकट उचलली आन् मिस्त्रींपुढं ठेवली.

मिस्त्री खाली बसले. सूत हातात घेतलं, गाठीवरनं अंगठा फिरवला. मंग त्यांचा हात आपोआप तोंडाकडं गेला, बोटं जिभंला लागली, आन् चटका बसल्यासारखी मागं आली.

"म्या तिला थुंकलो, पंचशीला," म्हणाले. "दोनदा थुंकलो."

मी त्यांना रडताना पयल्यांदा बघितलं. करडगी त्यांच्या हातातनं परत वाळूत पडत व्हती, त्यांनीच म्हणलं, धर, तुझ्याच हातानं वर आलीय ती. म्या धरली. माझ्या बी डोळ्याचं पाणी खळंना.

मंग ते श्रीमंतकडं गेले, मी मागनं. पोरगं घाबरलं. म्हणालं, काका, नदीत उतरलं की वरनं ड्रोन फिरतं, ट्रॅक्टर जप्त व्हतो. रुद्रभूमीच्या कडंला कुणी बघत न्हाई म्हणून तिथनं उचलली. तिथं ना चौथरा, ना धोंडा, मला वाटलं मोकळीच जागा हाय. मला तेला थोबाडायचं व्हतं. मिस्त्रींनी माझा हात धरला. म्हणाले, ते खरं बोलतंय. खूण ठेवली नव्हती म्या. नियम पाळला व्हता.

तिथनं ते घरी आले आन् छन्नी-हातोडा काढला. दुसऱ्या दिशी महिनाअखेर. सकाळी मॅडम फोटोला येणार. गिलावा उतरवला तर लेकीचं घर गेलं, दुसरी वाळू न्हाई, दुसरा दिवस न्हाई. न्हाई उतरवला तर बायको भिंतीत, नदीकाठी जिला बसवलं व्हतं ती रस्त्यावर तोंड करून. मी म्हणलं, मिस्त्री, इचार करा. ते म्हणाले, तिला तिच्या जागंला न्यायला पाहिजे. तिथं जागा हाय तिची. आन् ओट्यावर चढले.

मंजू तिथं झोपली व्हती. डोकं भिंतीच्या बुडाला, एक हात पोटावर. दुपारची उन्हं अंगणात, ओट्यावर सावली, आन् तिच्या डोक्यावर ती वल, मांडी घालून. बघवंना, आन् नजर बी काढवंना. लेक आईच्या मांडीवर झोपलीय, ह्याच्यापरीस दुसरं काय दिसंना मला. मिस्त्रींचा हातोडा वरच राहिला.

मंजूनं डोळे उघडले. हातोड्याकडं बघितलं, बापाकडं बघितलं. तिला कुणी काय सांगितलं नव्हतं. करडगी माझ्या पदराखाली झाकलेली.

"अप्पा, हातोडा खाली ठेवा," ती म्हणाली. "मला ठावं हाय. अव्वा आल्याबिगर मला झोप लागली आसती काय?"

मिस्त्री ओट्यावर बसले. तिथं तिघंबी बसलो, मी, ते, ती, आन् मोजायचं म्हणलं तर चौघं. उरलेली वाळू, बांगड्यांचे तुकडे आन् ती करडगी आम्ही त्याच दुपारी गाड्यावर घालून नदीला नेली. जंगम, म्हंजी लिंगायतांचे पुजारी, आले, त्यांनी मंत्र म्हणले. मिस्त्रींनी हातानं खड्डा केला. लिंग ठेवलं, मीठ घातलं, इभूत घातली. सुताची गाठ त्यांनी सोडली न्हाई, तशीच ठेवली. भिंतीचं काय, हा इषय त्यांनी काढला न्हाई आन् म्या इचारलं न्हाई.

सकाळी तनुजा मॅडम आल्या. अमरेश लातूरहून आला व्हता, गल्लीतली माणसं जमली व्हती. मंजूला इरकल नेसवून दारासमोर उभं केलं. मॅडमनी मोबाईल धरला, ॲप उघडलं, बराच वेळ बोटं फिरवत राहिल्या. मंग म्हणाल्या, बाकीच्यांनी बाजूला व्हा, फोटोत एकच व्यक्ती पाहिजे, दोन चेहरे आले की ॲप फोटो घेत नाही. अमरेश बाजूला झाला. मी तर आधीच लांब व्हते. मॅडमनी परत धरला. परत न्हाई. मंजूला दोन पावलं पुढं घेतलं, परत न्हाई. गल्ली मोकळी केली, कुत्रं बी हाकललं. मॅडमला घाम फुटला. त्यांनी मोबाईल मला दाखवला. दाराच्या उजव्या अंगाला, त्या वलीवर, ॲपनं एक हिरवी चौकट काढली व्हती. मंजूच्या तोंडावर जशी व्हती तशीच.

"मॅडम, न्हाई घेतला तर?" अमरेशनं इचारलं. मॅडम म्हणाल्या, आज शेवटचा दिवस आहे, दादा. मला ह्याच्यापुढं काहीच करता येत नाही.

मंजूनं बापाकडं बघितलं. तवा मिस्त्रींनी चपला काढल्या. ओट्यावर चढले, भिंतीपाशी गेले आन् खाली बसलेल्या माणसाशी बोलायला वाकावं तसे वाकले. हळूच बोलले, पण एवढी शांतता व्हती की साऱ्या गल्लीनं ऐकलं.

"नीलम्मा, जरा सरकून बस. लेकीचा फोटू हाय."

मोबाईल वाजला. मॅडम म्हणाल्या, आला, आला फोटो. म्या भिंतीकडं बघितलं तर ती ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत एकाच रंगाची, कोरडी ठाक. माणसं टाळ्या वाजवून राहिली, मंजू हासून-रडून राहिली, अमरेश पेढे वाटत सुटला. कुणी कुणाशी त्या गोष्टीचं बोललं न्हाई, आजबी बोलत न्हाईत.

मिस्त्री मात्र भिंतीला हात लावून उभे व्हते. तळवा फिरवला, परत फिरवला. सगळीकडं उनउनीत. माझ्याकडं वळून म्हणाले, जितेपणी तिला ओट्यावरनं कधी उठ म्हणलो नव्हतो गं. आज म्हणलो. त्यांचं तोंड बघवत नव्हतं. घर मिळालं व्हतं आन् माणूस उभा लुटल्यासारखा दिसून राहिला.

मी माझी चाळण घ्यायला आत गेले. चाळण दाराच्या मागं टेकवून ठेवली व्हती. दार लोटलं आन् तिथंच थांबले. दाराआडच्या कोपऱ्यात, जिथं फोटो पोचत न्हाई, जिथं घरातली बाई पाहुणे आले की सरकून बसती, तिथं खालपासनं वल आली व्हती. खाली रुंद, वर निमुळती, त्याच्या वर गोल. आतला गिलावा तर जुन्या वाळूचा. त्याच्यात मीठ न्हाई, काय न्हाई.

मी भूतखेत मानत न्हाई, हे सांगून झालंय. म्या बाहेर जाऊन मिस्त्रींच्या बाहीला धरलं आन् आत आणलं, दार थोडं पुढं ओढून दाखवलं.

त्यांनी बघितलं. गुडघे टेकले. भिंतीच्या त्या गार जागंला बोट लावलं, बोट जिभंवर ठेवलं आन् डोळे मिटले, जसे रोज मिटायचे तसे. मी वाट बघत उभी राहिले. ते थुंकले न्हाईत.